सहा सिनेमांचा बॉक्स आणि मार्लेन डिट्रिशची साठ वर्षांची कारकीर्द

मार्लेन डिट्रिश म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एकच फोटो येतो, बारीक रेघेसारख्या भुवया, आत गेलेले गाल, बोटांत सिगरेट, आणि बस्स, विषय तिथेच संपतो. नाव सगळ्यांना माहीत, चेहरा सगळ्यांना माहीत, सिनेमे मात्र फार थोड्यांनी बघितलेले. म्हणून 'डिट्रिश अँड फॉन स्टर्नबर्ग इन हॉलिवूड' हा क्रायटेरियन या लेबलचा ब्लू-रे बॉक्स सेट २०१८ मध्ये आला तेव्हापासून मी तो भेटेल त्याला बघायला सांगतेय, आणि दर वेळी तेच तेच तोंडी सांगण्यापेक्षा आता एकदाचं सविस्तर लिहूनच टाकते.

आधी आत काय आहे ते. सहा डिस्क, सहा सिनेमे. मोरोक्को (१९३०), डिसऑनर्ड (१९३१), शांघाय एक्सप्रेस (१९३२), ब्लाँड व्हीनस (१९३२), द स्कार्लेट एम्प्रेस (१९३४) आणि द डेव्हिल इज अ वुमन (१९३५). सहाही पॅरामाउंटचे, सहाही जोसेफ फॉन स्टर्नबर्गने दिग्दर्शित केलेले, आणि सहाहींमध्ये ही बाई. जुन्या फिल्मची साफसफाई करून केलेली काही २के तर काही ४के रिस्टोरेशन आहेत, आवाज मूळचा मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा, आहे तसाच ठेवलाय, उगाच फुगवून पाच स्पीकरमध्ये वाटलेला नाही हे फार बरं केलं. सोबत लेखांचं पुस्तक आणि बऱ्यापैकी एक्स्ट्रा आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

माझं मत विचाराल तर चित्रपट इतिहासाची ज्याला थोडीही आवड आहे त्याने हा सेट बघायलाच हवा, आणि क्रमाने बघायला हवा, मधलाच एखादा उचलून नाही. कारण क्रमाने बघितलं की एक गोष्ट दिसते जी सुटा सिनेमा बघताना दिसत नाही. वर्षानुवर्षं आपल्याला सांगितलं गेलंय की डिट्रिशला स्टर्नबर्गने घडवलं, ती म्हणजे त्याच्या हातातली माती, तोही असंच सांगायचा आणि तीही जन्मभर सगळं श्रेय त्यालाच देत राहिली. त्याने शिकवलं यात वादच नाही. पण शिकणारं माणूस किती तयारीचं होतं ते या सहा डिस्कवर पायरीपायरीने दिसतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती जे शिकली त्याच्यावर तिने पुढची चाळीस वर्षं त्याच्याशिवाय काढली.

तयारीचं म्हणजे काय ते कळायला थोडं मागे जावं लागेल. जन्म २७ डिसेंबर १९०१, बर्लिनजवळचं शोनेबर्ग, जे पुढे बर्लिनमध्येच सामील झालं. नाव मारी माग्दालेन, त्या दोन नावांना जोडून तिने शाळकरी वयातच स्वतःसाठी मार्लेन हे नाव तयार केलं. वडील पोलिसात अधिकारी, ते ती लहान असतानाच गेले, आईचं माहेर घड्याळांच्या धंद्यातलं, घरात शिस्त कडक. व्हायोलिन शिकत होती आणि त्यातच करिअर करायचं ठरलेलं होतं, पण मनगटाच्या दुखापतीने ते बारगळलं. मग विसाव्या शतकाच्या विशीतलं बर्लिन, कोरस लाइनमध्ये नाचणं, नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टच्या थिएटरांमध्ये छोट्या भूमिका, रेव्ह्यू म्हणजे नाचगाण्यांचे कार्यक्रम, गाणी, आणि एकामागून एक मूकपट. १९२३ मध्ये रुडॉल्फ झीबरशी लग्न, १९२४ मध्ये मुलगी मारिया. पुढे हॉलिवूडमध्ये गेल्यावर ती म्हणायची की स्टर्नबर्गला भेटण्याआधी मी कुणीच नव्हते, नाटक शिकणारी एक पोरगी होते. तसं अजिबात नाही. १९२९ मध्ये स्टर्नबर्गने तिला बर्लिनच्या रंगभूमीवर 'त्स्वाय क्राव्हाटन' नावाच्या संगीत नाटकात बघितलं तेव्हा तिच्या पदरी सात-आठ वर्षांची मेहनत होती, रोज रात्री लोकांसमोर उभं राहायची सवय होती. ही मेहनत विसरली की मग चमत्काराची गोष्ट रचावी लागते.

या सेटमध्ये एक मोठी जागा रिकामी आहे, आणि ती म्हणजे 'द ब्लू एंजल'. दोघांचा पहिला सिनेमा, १९२९-३० च्या हिवाळ्यात बर्लिनजवळ बाबेल्सबर्गला उफा या जर्मन चित्रपट कंपनीच्या स्टुडिओत जर्मन आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्यांमध्ये शूट झालेला, हाइनरिश मानच्या कादंबरीवर, एमिल यानिंग्स मुख्य भूमिकेत. तो इथे नसण्याचं कारण सरळ आहे. हे सहा पॅरामाउंटचे, पॅरामाउंटचा जुना साठा १९५८ मध्ये एमसीए या कंपनीने घेतला आणि तिथून तो युनिव्हर्सलकडे आला, ब्लू एंजल मात्र जर्मन सिनेमा, त्याचे हक्क वेगळीकडे. त्यामुळे कुणाचा दोष काढता येत नाही, पण माझा सल्ला ऐका, हा बॉक्स उघडायच्या आधी ब्लू एंजल मिळवा आणि जर्मन आवृत्ती बघा. कॅबरेच्या स्टेजवर पिंपावर बसून संगीतकार फ्रीडरिश होलेंडरचं गाणं म्हणणारी लोला लोला बघा, जरा गुबगुबीत, मोकळी, थोडी दांडगट, बर्लिनच्या रस्त्यावरची भाषा बोलणारी. १ एप्रिल १९३० ला बर्लिनच्या ग्लोरिया-पालास्टमध्ये प्रीमिअर झाला आणि त्याच रात्री ती अमेरिकेला जायला निघाली, नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून.

आणि मग पहिली डिस्क लावा. मोरोक्को. तीच बाई, तेच वर्ष, पण चेहरा? चेहऱ्याची हाडं आत्ता कुठे सापडल्यासारखी दिसतात. कथा साधीच आहे, फ्रेंच फॉरेन लीजनमधला सैनिक गॅरी कूपर, पैसेवाला आडोल्फ मेंजू आणि मधे नाइटक्लबात गाणारी एमी जॉली. कथेसाठी कुणी हा सिनेमा बघत नाही. तिची क्लबातली एंट्री बघा. अंगात पुरुषी टेलकोट, डोक्यावर टॉप हॅट, प्रेक्षक हुर्यो उडवताहेत आणि ती काही न करता खुर्चीच्या हातावर टेकून सिगरेट ओढत त्यांच्याकडे बघत राहते. घाई नाही. गाणं संपतं, ती कठडा ओलांडून लोकांत येते, एका टेबलावरच्या बाईच्या केसांतलं फूल मागून घेते, त्या बाईच्या ओठांचं चुंबन घेते, आणि मग ते फूल कूपरकडे फेकते. १९३० साल आहे हे लक्षात ठेवा. आजही हा सीन बघताना हॉलभर शांतता पसरते कारण त्यात कुठेही 'बघा मी काय धाडस केलं' असा आव नाही, ती ते इतकं सहज करते की धक्का बसायला दोन सेकंद उशीर होतो. या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि तिच्या एवढ्या मोठ्या कारकिर्दीतलं ते एकमेव नामांकन ठरलं, यावर मी काय बोलू.

आता प्रकाशाबद्दल बोलते कारण माझ्या मते या पूर्ण बॉक्सचा खरा विषय तोच आहे. स्टर्नबर्ग आणि त्याचा कॅमेरामन ली गार्म्स तिचा मुख्य लाइट खूप उंच आणि चेहऱ्याच्या बरोबर समोर लावायचे. त्याने होतं काय तर नाकाच्या खाली एक छोटी सावली पडते, फुलपाखरासारखी, म्हणून या पद्धतीला बटरफ्लाय लायटिंग म्हणतात, पॅरामाउंट लायटिंगही म्हणतात. गालाची हाडं वर येतात, गाल आत जातात, पापण्यांची सावली गालावर उतरते, नाक सरळ दिसतं. पण यातली मेख अशी की चेहरा इंचभर इकडेतिकडे झाला, हनुवटी जरा खाली गेली, की सगळं बिघडतं, डोळ्यांच्या जागी खड्डे दिसायला लागतात. म्हणजे नटीला अभिनय करता करता सतत माहीत पाहिजे की लाइट नेमका कुठून येतोय. सेटवर कॅमेऱ्याशेजारी ती एक पूर्ण उंचीचा आरसा ठेवून घ्यायची, त्यात स्वतःवरचा प्रकाश बघायची आणि त्याप्रमाणे उभी राहायची. लोकांनी याला नखरे म्हटलं. मला ते रियाजासारखं वाटतं. पुढे हिचकॉकने १९५० च्या 'स्टेज फ्राइट'मध्ये तिला काम दिलं तेव्हा त्याने जाहीरपणे तिला व्यावसायिक अभिनेत्रीबरोबरच व्यावसायिक कॅमेरामनही म्हटलं होतं, आणि हिचकॉक हा काही कुणाचं उगाच कौतुक करणारा माणूस नव्हता.

डिसऑनर्ड हा सहातला सगळ्यात दुर्लक्षित, आणि मला वाटतं उगाचच. पहिल्या महायुद्धातली ऑस्ट्रियन गुप्तहेर, नाव नाही, नुसता एक्स-२७ हा नंबर, आणि ही हेर लष्करी माहिती पियानोच्या स्वरांत लपवून आणते. व्हिक्टर मॅकलॅग्लन हिरो म्हणून फारसा शोभत नाही, दोघांमध्ये काही पेटत नाही हे खरं. पण शेवटचे प्रसंग बघाच. फायरिंग स्क्वाडकडे न्यायला आलेल्या तरुण अधिकाऱ्याची तलवार ती आरशासारखी धरून स्वतःला ठीकठाक करते, आणि पुढे तो पोरगा गोळी घालायचा हुकूम द्यायला नकार देऊन ओरडायला लागतो, गोंधळ होतो, तेवढ्या मधल्या वेळात ही शांतपणे लिपस्टिक लावते. तिच्यावर स्टर्नबर्ग प्रसंग लादतोय असं इथे वाटतच नाही, तो विनोद आणि ती बेफिकिरी तिच्या स्वतःच्या बर्लिनची आहे.

शांघाय एक्सप्रेस. सेटमधला एकच सिनेमा दाखवून कुणाला पटवायचं असेल तर हा लावा. पेकिंगहून शांघायला निघालेली गाडी, वाटेत यादवी युद्ध, डब्यात नाना प्रकारचे प्रवासी, त्यात शांघाय लिली नावाने बदनाम झालेली ही आणि तिचा जुना प्रियकर असलेला ब्रिटिश लष्करी डॉक्टर क्लाइव्ह ब्रुक. ली गार्म्सला याच सिनेमाच्या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळालं आणि रिस्टोरेशन बघितल्यावर ते का मिळालं हे वेगळं सांगावं लागत नाही. जुन्या कॉपीत तिचे काळ्या पिसांचे कपडे म्हणजे नुसता काळा ठिपका दिसायचा. इथे एकेक पीस वेगळं दिसतं, टोपीच्या जाळीतून गालावर पडलेली नक्षी दिसते, इंजिनाच्या वाफेत किती तरी वेगवेगळे राखाडी रंग दिसतात. एक शॉट आहे, ब्रुकशी बोलून ती आपल्या अंधाऱ्या डब्यात परत येते, दाराला टेकते, वर बघते, लाइट वरून थेट कपाळावर, आणि सिगरेट धरलेला हात थरथरतोय. चेहरा जवळजवळ स्थिर. सगळं दुःख त्या हातात. आधीच्या कॉपीत ती थरथर मला कधी दिसलीच नव्हती, फिल्मवरून डिस्कवर नीट ट्रान्सफर का महत्त्वाचं हे सांगायला मी आता हाच शॉट दाखवते.

याच सिनेमात ॲना मे वाँग आहे, चिनी वंशाची अमेरिकन अभिनेत्री, आणि दोघी एका डब्यात बसलेल्या असतात तेव्हा बाकीचे प्रवासी फिके पडतात. पण बंडखोरांच्या म्होरक्याची भूमिका मात्र वॉर्नर ओलंड या स्वीडिश नटाला चिनी मेकअप करून दिलीय, आणि चीन म्हणजे नुसता गोंधळ आणि धोका असं दाखवलंय, ते आज बघताना खटकतं आणि खटकायलाच हवं. तेच ब्लाँड व्हीनसबद्दल. 'हॉट वूडू' हे गाणं प्रसिद्ध आहे, स्टेजवर साखळीला बांधलेला गोरिला येतो, पंजा काढतो तर आतून गोरा हात निघतो, मग डोकं काढतो आणि आत डिट्रिश. कल्पना म्हणून जबरदस्त आहे, पण मागे आफ्रिकन वेशातला कोरस ज्या पद्धतीने वापरलाय ते बघवत नाही. सिनेमा म्हणूनही हा सहातला सगळ्यात विस्कळीत, नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे मिळवायला स्टेजवर परतलेली आई, मग मुलाला घेऊन पळापळ, मग अचानक पॅरिसमध्ये पांढऱ्या टक्सिडोत. कॅरी ग्रँट तेव्हा अगदीच नवा, त्याला करायला फार काही नाही. तरी मुलाबरोबरच्या प्रसंगांत ती जी मऊ होते ते दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही, त्यासाठी एकदा बघा.

द स्कार्लेट एम्प्रेस मात्र वेडेपणा आहे, शंभर टक्के वेडेपणा, आणि मी त्याच्या प्रेमात आहे. प्रशियातून रशियात लग्नासाठी आणलेली कोवळी राजकन्या ते सम्राज्ञी कॅथरीन. इतिहास शिकायला याच्याकडे जाऊ नका. राजवाडा म्हणजे सगळीकडे विद्रूप, वाकलेल्या, कण्हणाऱ्या माणसांचे पुतळे, खुर्चीची पाठ म्हणजे पुतळा, मेणबत्ती धरणारा पुतळा, दरवाजे इतके अवजड की ते ढकलायला चार-पाच जणी लागतात. लहानपणीच्या कॅथरीनचं काम तिच्या स्वतःच्या मुलीने, मारियाने केलंय. आणि यातला लग्नाचा प्रसंग. जवळपास संवाद नाहीत, चर्चमधलं गायन चालू आहे, कॅमेरा जवळ जवळ जात राहतो, जाळीच्या पडद्यामागे तिचा चेहरा आणि ओठांसमोर धरलेली मेणबत्ती. तिचा श्वास जसा जड होतो तशी ज्योत हलते, दबते, परत उभी राहते. ती रडत नाही, भुवईसुद्धा हलवत नाही. घाबरलेली पोर आत काय भोगतेय ते फक्त ज्योतीवरून कळतं. आता मला सांगा, इतकं मोजूनमापून श्वास घेणं, प्रत्येक टेकला, लाइटची जागा न सोडता, हे कुणी मातीच्या गोळ्याकडून करून घेऊ शकतं का? शेवटी तीच पोर पांढऱ्या लष्करी वेशात घोड्यावर बसून राजवाड्याच्या पायऱ्या चढते. प्रेक्षकांनी १९३४ मध्ये हा सिनेमा नाकारला होता. त्यांचं नुकसान.

द डेव्हिल इज अ वुमन हा शेवटचा. स्पेन, कार्निव्हल, कागदी फितींच्या गुंत्यात अडकलेली माणसं आणि त्यांना खेळवणारी कोंचा. इथे कॅमेरा खुद्द स्टर्नबर्गनेच सांभाळला. स्पॅनिश सरकारने आक्षेप घेतला, पॅरामाउंटने सिनेमा मागे घेतला, आणि दोघांची जोडी इथेच संपली. तिचा स्वतःचा सगळ्यात आवडता सिनेमा हाच, कारण तिच्या मते ती सगळ्यात सुंदर यात दिसली. मला विचाराल तर हा थंड आहे, स्टर्नबर्ग स्वतःची कैफियत मांडतोय असं वाटत राहतं आणि लायोनेल ॲटविलला मुद्दाम स्वतःसारखाच मेकअप दिलाय की काय अशी शंका येते, पण चेहऱ्यावरच्या लेसमधून झिरपणारा प्रकाश बघायचा असेल तर याला तोड नाही.

इथे बॉक्स संपतो. १९३५. आणि माझी खरी तक्रार हीच आहे, म्हणजे तक्रार सेटवर नाही तर आपल्या बघण्यावर, की बहुतेक लोक डिट्रिशला इथेच सोडून देतात. तेव्हा ती जेमतेम तेहतीस वर्षांची होती. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या थिएटर मालकांच्या एका संघटनेने जाहिरात देऊन तिला इतर मोठ्या स्टार्ससोबत बॉक्स ऑफिसचं विष ठरवलं. दुसरी कुणी असती तर आवरतं घेतलं असतं. हिने पुढच्याच वर्षी 'डेस्ट्री राइड्स अगेन' नावाच्या वेस्टर्नमध्ये जेम्स स्टुअर्टबरोबर सलूनमधली गायिका केली, केस ओढून जमिनीवर लोळून मारामारी केली, होलेंडरची गाणी दणक्यात म्हटली आणि परत वर आली. ब्लू एंजलमधली ती दांडगट लोला लोला आठ-नऊ वर्षं स्टर्नबर्गच्या पिसांखाली झाकलेली होती, ती एका फटक्यात बाहेर आली.

आणि त्याच सुमारास तिने ते केलं ज्यासाठी मी तिला अभिनेत्री म्हणून जेवढी मानते त्याहून जास्त माणूस म्हणून मानते. नाझींना ती परत हवी होती, जर्मन सिनेमाची राणी म्हणून, तिने साफ नकार दिला आणि १९३९ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. १९४४-४५ मध्ये यूएसओ या सैनिकांचं मनोरंजन करणाऱ्या अमेरिकन संस्थेबरोबर उत्तर आफ्रिका, इटली, फ्रान्स असं आघाडीच्या जवळ जाऊन सैनिकांसाठी गायली. १९४७ मध्ये अमेरिकेने मेडल ऑफ फ्रीडम दिलं. याची किंमत घरातूनही चुकवावी लागली, तिची सख्खी बहीण आणि मेहुणा बर्गन-बेल्झन या नाझी छळछावणीजवळ जर्मन सैनिकांसाठी सिनेमागृह चालवत होते हे युद्ध संपल्यावर समोर आलं, आणि त्यानंतर ती आपल्याला बहीण आहे हेच नाकारत राहिली. हे माहीत असताना दिग्दर्शक बिली वाइल्डरचा १९४८ चा 'अ फॉरेन अफेअर' बघा. उद्ध्वस्त बर्लिन, आणि ही नाझींच्या जवळ असलेल्या गायिकेच्या भूमिकेत. पियानोवर खुद्द होलेंडर बसलाय, तोही जर्मनी सोडून गेलेला. ज्या शहरातून दोघं निघाले त्याच्या ढिगाऱ्यावरचं गाणं दोघं मिळून सादर करताहेत. आणि बघा, इथे स्टर्नबर्ग नाही, तरी हनुवटी बरोबर तिथे, लाइट बरोबर तिथे.

त्यानंतरही फ्रिट्झ लांग, वाइल्डरचाच 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन' (याचा शेवट कुणाकडूनही ऐकू नका, थेट बघा), ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'मध्ये काही मिनिटांचा रोल जो बाकीचा सिनेमा विसरला तरी लक्षात राहतो, आणि १९६१ चा 'जजमेंट ॲट न्यूरेम्बर्ग'. दरम्यान १९५३ मध्ये लास वेगासला एकटीचा शो सुरू केला आणि पन्नाशी उलटल्यावर दुसरं करिअर उभं केलं, काही वर्षं बर्ट बॅकरॅक तिचा संगीत संयोजक होता. १९६० मध्ये जर्मनीत दौऱ्यावर गेली तेव्हा एकीकडे उभं राहून टाळ्या आणि दुसरीकडे 'मार्लेन गो होम'चे फलक. स्वतःच्या गावात. ती गायली तरीही. १९७५ मध्ये सिडनीत स्टेजवर पडून पाय मोडला तेव्हा थांबली, म्हणजे जवळपास चौऱ्याहत्तरीपर्यंत उभी होती. मग पॅरिसमधल्या फ्लॅटमध्ये स्वतःला कोंडून घेतलं, आणि मॅक्सिमिलियन शेलने १९८४ मध्ये तिच्यावर माहितीपट केला तर कॅमेऱ्यासमोर यायलाच नकार, फक्त आवाज. जिने आयुष्यभर स्वतःवरचा प्रकाश स्वतः ठरवला तिने शेवटी तो बंदच करून टाकला, आणि नुसत्या आवाजावर शेलशी भांडत भांडत तो माहितीपट खाऊन टाकला. ६ मे १९९२ ला पॅरिसमध्ये गेली, पुरलं बर्लिनमध्ये, फ्रीडेनाऊच्या दफनभूमीत. २००२ मध्ये बर्लिनने तिला मरणोत्तर सन्माननीय नागरिक केलं.

एक्स्ट्रामध्ये तिच्या जर्मन पार्श्वभूमीवरचा माहितीपट सगळ्यात आधी बघा, वर मी बर्लिनच्या वर्षांबद्दल जे बोलले त्याला तिथे चांगला आधार मिळतो. वेशभूषाकार ट्रॅव्हिस बँटनच्या कामावरची मुलाखत तर दोनदा बघण्यासारखी, कारण ती पिसं, ती जाळी, ते चमकणारं कापड निवडताना लाइट कसा पडेल याचा विचार आधी व्हायचा हे त्यात नीट कळतं. १९३६ चं मोरोक्कोचं रेडिओ रूपांतरही आहे, क्लार्क गेबलबरोबर, ऐकायला मजा येते पण चेहऱ्याशिवाय मोरोक्को म्हणजे निम्माच. पुस्तकातले लेख दर्जेदार आहेत, मात्र सिनेमे बघून झाल्यावर वाचा. एक गोष्ट मला मनापासून हवी होती, प्रत्येक सिनेमाला संपूर्ण कॉमेंटरी. इतक्या बारीक कामाच्या सिनेमांना शॉटमागून शॉट समजावून सांगणारं कुणी सोबत असतं तर नव्या प्रेक्षकाला फार मदत झाली असती.

घेणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. सेट अमेरिकन आहे, म्हणजे रीजन ए (ब्लू-रे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते सांगणारा कोड), तुमचा प्लेअर दुसऱ्या रीजनचा किंवा लॉक असलेला असेल तर चालणार नाही, आधी खात्री करा. ब्रिटनमध्ये याच सहा सिनेमांचा वेगळा सेट निघालाय, तो रीजन बी. सबटायटल्स इंग्रजी आहेत आणि ती चालू ठेवा, तिचा उच्चार कळतो पण १९३० च्या रेकॉर्डिंगमध्ये बाकीच्यांची वाक्यं निसटतात. किंमत कमी नाही, पण जुलै आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत या लेबलच्या डिस्क निम्म्या किमतीला लागतात तेव्हा घ्या. बघताना खोलीत अंधार करा आणि टीव्हीचा मोशन स्मूदिंग, नॉइज रिडक्शन वगैरे जो काही प्रकार असेल तो बंद करा, नाहीतर फिल्मचं ग्रेन, म्हणजे चित्रातले मूळचे बारीक दाणे, पुसलं जातं आणि चेहरा मेणाचा दिसायला लागतो. एका दिवसात दोन बघू नका. आणि सगळे सहा बघायला वेळच नसेल तर ब्लू एंजल, मोरोक्को, शांघाय एक्सप्रेस, स्कार्लेट एम्प्रेस आणि त्यानंतर लगेच अ फॉरेन अफेअर, या क्रमाने बघा.